घराण्याचं वारं

शिंप्याचं कसब त्याच्या हातात असतं, पण मास्तरांचे दोन्ही हात बघावे लागत. उजव्या हाताने जसं कापड कापायचे तसंच डाव्यानेही. कापलेल्या कडेवरून बोट फिरवून कुठला हात चालला ते ओळखून दाखवा, अशी पैज लावली असती तर गल्लीतलं कोणी जिंकलं नसतं. नवं गिऱ्हाईक बघतच राहायचं. मास्तर खडूची रेघ ओढता ओढता, मान वर न करता म्हणायचे, "आमच्या घराण्यात शिकवतातच."

का शिकवतात, हे कोणी विचारलं की मात्र कात्री खाली ठेवायचे. ते सांगायला त्यांना वेळ लागायचा आणि तो वेळ ते आनंदाने द्यायचे.

"आमच्यात वारं जातं," ते सुरुवात करायचे.

अंगावरून वारं जाणं म्हणजे काय, ते कोणाला सांगावं लागत नाही. चालता बोलता माणूस एका बाजूने पडतो. तोंड वाकडं होतं, जीभ जड होते, हात लाकडासारखा लोंबतो. डॉक्टर म्हणतात मेंदूत गुठळी अडकली, नाहीतर मेंदूतली नस फुटली. मास्तरांचे आजोबा कोटाची बाही कापता कापता टेबलावरच कलंडले, आणि अर्धी कापलेली बाही तशीच राहिली. वडिलांचा उजवा हात गेला तेव्हा मास्तर नुकते मशीनवर बसायला लागले होते. वडील म्हातारे नव्हते. बरे होऊन परत दुकानात आले, डाव्या हाताने कापायला शिकले, आणि मरेपर्यंत डाव्यानेच कापत राहिले. त्या दिवसापासून घरात नियम झाला. आठवड्यातला एक दिवस मुलाचा उजवा हात खिशात शिवून टाकायचा. खरोखरच शिवायचा, कच्च्या टाक्याने, आणि संध्याकाळी उसवायचा. वारं एक बाजू नेतं, तेव्हा धंदा दुसऱ्या बाजूने चालला पाहिजे.

लोक चुकचुकायचे. मास्तरांच्या चेहऱ्यावर दुःख दिसायचं, पण त्या दुःखाला इस्त्री केलेली असायची. कोणाच्या घराण्यात जमीन असते, कोणाच्या घराण्यात गळा असतो. मास्तरांच्या घराण्यात वारं होतं आणि ते त्यांनी कोटाच्या छातीवरच्या खिशासारखं पुढे मिरवलं.

पुरुषांचं शिक्षण असं होतं. बायकांचं वेगळं.

मास्तरांची बायको नवी नवरी म्हणून घरात आली, तेव्हा सासूने तिला चूल दाखवायच्या आधी दुसरीच गोष्ट शिकवली. "सकाळी तो उठला की आधी हसायला लावायचं. तोंड दोन्हीकडून सारखं उघडलं का बघायचं. मग दोन्ही हात वर करायला लावायचे. मग स्वतःचं नाव सांगायला लावायचं. तिन्ही नीट झालं तर चहा."

"आणि नाही झालं तर?" नवरीने तोंडाला पदर लावून विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"तर चहा द्यायचा नाही. पाणीसुद्धा नाही. गाडी, घोडा, जे मिळेल त्यावर टाकायचं आणि दवाखाना गाठायचा. तुझ्या सासऱ्यांना मी आधी चहा पाजला होता. घशात अडकला. नर्स माझ्या अंगावर केवढी ओरडली! त्यांचा हात गेला तो त्या चहाच्या वेळात गेला, असं मला अजून वाटतं." सासू थांबली, आणि म्हणाली, "हसतेस काय? तुझा नवरा आहे तो."

तेव्हापासून ते काम सुनेचं झालं. सकाळ झाली की ती टॉवेल खांद्यावर टाकून नवऱ्यापुढे उभी राहायची.

"अहो, हसा."

"हसण्यासारखं काय घडलंय?"

"माझं तोंड बघा आणि हसा."

मग हात. मग नाव. मास्तर कधी राजाचं नाव सांगायचे, कधी गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचं. ती म्हणायची, "जीभ ठीक आहे, डोकं पहिल्यापासूनच गेलेलं आहे." बाई मुळात नकलाकार. इस्त्रीवाला गुडघ्यात वाकून कसा चालतो, जाडं गिऱ्हाईक माप देताना श्वास कसा आत ओढतं, सगळं ती करून दाखवायची. आणि मास्तर हसायला फारच कुरकुर करायला लागले की ती स्वतःच्या तोंडाची एक बाजू खाली पाडायची, एक डोळा अर्धा मिटायची आणि जड जिभेने म्हणायची, "अशे झालात तर गिऱ्हाईक पळेल हो, माश्तर." मास्तरांना हसू फुटायचं. बापाचीच नक्कल होती ती, पण ती मायेने करायची, आणि घराण्याच्या भीतीवर घरात कोणीतरी हसतंय, हे मास्तरांनाही बरं वाटायचं. तशी ती नक्कल रोजचीच झाली.

मास्तरांना तिने तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्यांची भाजी अळणी, वेगळ्या भांड्यात. वडील आणि आजोबा दिवसभर धूर काढायचे. मास्तरांनी वडील पडल्यावर सिगारेटला कधी हात लावला नाही. त्यांच्या गोळ्यांची डबी खिडकीच्या फळीवर. ती गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत हलायची नाही. स्वतः मात्र ताटात वरून मीठ घ्यायची. मुलगी ओरडली की म्हणायची, "तुझ्या बाबांच्या वाटचं मीठ कोणीतरी खायला नको का? वाया जाईल."

मास्तर हसायचे. त्यांना त्यात काही वावगं दिसायचं नाही. ज्याच्या घरात आग लागते त्याने पाणी भरून ठेवावं. तिच्या माहेरी कधी ठिणगीसुद्धा पडली नव्हती.

पुढे एका वर्षी मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरबाई गल्लीत आली. हे वारं कोणाला जातं, का जातं, किती रक्तातून येतं आणि किती राहणीतून, ते तिला साऱ्या वस्तीत तपासायचं होतं. शाळेच्या दोन खोल्यांत टेबलं मांडली, आणि मोठ्या वयाच्या सगळ्यांना बोलावलं. रक्त घ्यायचं, दाब मोजायचा, खाणंपिणं विचारायचं.

इस्त्रीवाला बाही वर करून म्हणाला, "बाई, माझ्यात रक्त कमी आणि घाम जास्त. घाम चालेल का?"

"आधी रक्त देऊन तर बघा," डॉक्टरबाई म्हणाली. "उरलं तर परत करते."

मास्तर मात्र लग्नातल्या मुख्य पाहुण्यासारखे कोट घालून गेले. रक्त देताना त्यांनी आजोबांपासून सगळं सांगितलं. डॉक्टरबाईने शांतपणे ऐकून घेतलं. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या टेलिफोनवाल्याइतकाच वेळ तिने आपल्याला दिला, हे मास्तरांना खटकलं.

बाजूच्या टेबलावर नर्स त्यांच्या बायकोच्या दंडाला पट्टा बांधून दाब बघत होती. एकदा बघितला. पुन्हा बघितला. मग दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला.

"काकू, तुमचा दाब फार वर आहे. डोकं दुखतं का?"

"दुखतं की. नवरा आहे ना."

नर्स हसली नाही. "गोळी सुरू करावी लागेल. रोजची. सोडायची नाही."

मास्तर मान वळवून म्हणाले, "अहो, यंत्र तपासून घ्या. माणूस चुकलाय तुमचा. दाब माझ्या घराण्यात आहे. हिचे वडील, चुलते, मामा, सगळे शेवटपर्यंत काठीशिवाय चालणारे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

बायकोही म्हणाली, "तेच तर."

डॉक्टरबाईने तिला गोळ्या दिल्या, आणि संपल्या की पुन्हा न्यायला सांगितलं. तिने त्या घेतल्या. संपल्या. फळीवर जागा एकाच डबीची होती, आणि ती डबी मास्तरांची. तिने नवीन आणल्या नाहीत आणि मास्तरांनी विचारलं नाही. एका घरात दोघांनी औषध खाणं, हे तिला उगाच मोठेपणा मिरवल्यासारखं वाटलं असावं.

डोकं मात्र दुखत राहिलं. ती कपाळावर ओली पट्टी ठेवून भाजी चिरायची.

ज्या सकाळी ते घडलं, त्या सकाळी मास्तरांची घाई होती. एका नवरदेवाचा कोट दुपारपर्यंत द्यायचा होता आणि कॉलर बसत नव्हती. बायको टॉवेल घेऊन पुढे उभी राहिली. एक हात तिने भिंतीला टेकला होता.

"हशा," ती म्हणाली.

मास्तर हसले. हात वर केले. नाव सांगितलं, खरं नाव, कारण थट्टेला वेळ नव्हता. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली आली होती. डोळा अर्धा मिटला होता. ती जड जिभेने काहीतरी म्हणाली, त्यात "च" होता, पुढे ओठांवर नुसता लाळेचा फुगा.

नक्कल कधी नव्हे इतकी हुबेहूब उतरली होती. मास्तरांना समोर आपला बाप उभा दिसला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळणारा. आणि एरवी हसणाऱ्या मास्तरांना त्या दिवशी राग आला.

"पुरे आता," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाची थट्टा किती करशील? लाज वाटू दे."

तिने एक हात उचलला. एकच. त्यांच्याकडे केला.

मास्तर शर्टाची बटणं लावत बाहेर पडले. जिना उतरताना त्यांच्या मनात विचार होता तो एवढाच, की आज चहा दिला नाही, म्हणजे बाई फुगलेल्या दिसतात. दुपारी आपण होऊनच बोलावं लागेल.

दुपारी ते कॉलर उसवत होते. मुलगी पलीकडच्या गल्लीत दिलेली, आईला भेटायला आली, आणि तिची किंकाळी दुकानापर्यंत ऐकू आली. दूध उतू जाऊन करपलं होतं. आई चुलीपुढे पडली होती, डोळे उघडे. उजवा हात अंगाखाली सापडलेला, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता.

इस्त्रीवाल्याने हातगाडीवरचे कपडे रस्त्यावर फेकले, आणि बाईला गाडीवर निजवून ढकलत दवाखान्यात नेलं. मास्तर मागून धावत होते. गळ्यात टेप तशीच.

दवाखान्यात पहिला प्रश्न डॉक्टरबाईने त्यांनाच विचारला. तीच डॉक्टरबाई. "शेवटच्या ठीक कधी होत्या?"

"सकाळी ठीक होती. थट्टा करत होती."

"कसली थट्टा?"

मास्तरांनी करून दाखवली. तोंडाची उजवी बाजू खाली पाडली, डोळा अर्धा मिटला. अर्ध्यातच त्यांना कळलं की आपण काय दाखवतोय. तोंड मात्र लगेच सरळ करता आलं नाही.

डॉक्टरबाईने घड्याळात बघितलं. "तेव्हाच आणायला हवं होतं," ती म्हणाली. "गुठळी विरघळवायचं औषध आहे, पण ते पहिल्या काही तासांतच चालतं. आता दिलं तर उलट रक्तस्राव होईल."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं. बापाकडे बघितलंसुद्धा नाही.

बाई वाचली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "त्यांना सगळं समजतं," डॉक्टरबाईने मुलीला आणि मास्तरांना बसवून सांगितलं. "शब्द बाहेर येत नाहीत, एवढंच. त्यांच्यासमोर काही बोलाल ते जपून बोला."

मास्तरांच्या मनात वेगळंच चाललं होतं. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही रक्त नेलं होतं. माझं आणि हिचं. खरं सांगा, हिच्यात हे आलं कुठून?"

डॉक्टरबाईने खुर्ची ओढली. ती थकलेली होती, पण प्रश्न टाळणारी नव्हती.

"रक्तातून येणारा हा धोका म्हणजे एकच मोठी गाठ नसते, मास्तर. शेकडो बारीक बारीक गोष्टी असतात. एकेकीचं वजन केसाएवढं. थोड्या तुमच्यात, थोड्या माझ्यात, थोड्या त्या झाडूवाल्यात. सगळ्या मिळून कोणात कमी भरतात, कोणात जास्त. एकदम कमी असणारे थोडे, एकदम जास्त असणारे थोडे. बाकी सारी वस्ती मधे."

"आणि आम्ही?"

"तुमचं मधल्यापेक्षा थोडं वर. तुमच्या गल्लीतच तुमच्यापेक्षा बरंच वर असलेली माणसं आहेत."

"कोण?"

"नावं मी सांगत नसते. मजेत आहेत."

मास्तरांचा चेहरा उतरला. "आणि ही?"

"बरोबर मधे. पण मधे म्हणजे सुरक्षित असं नाही. जास्त माणसं मधेच असतात, म्हणून पडणाऱ्यांतही मधलेच जास्त. जास्त धोक्याचा माणूस जास्त पडतो हे खरं, पण तशी माणसं आहेत किती? आणि रक्ताच्या जोडीला दाब असतो, मीठ असतं, धूर असतो. तुमच्या आजोबांचा, वडिलांचा दाब कोणी मोजला होता का? दोघं धूर काढायचे, असं तुम्हीच सांगितलं होतं. घराण्यात नुसतं रक्त खाली येत नाही, मास्तर. सवयीही येतात. काकूंचा दाब आम्हाला सापडला होता. गोळी घेतली असती तर..." ती थांबली. "तर कदाचित."

"म्हणजे आमच्या घराण्यात काही नव्हतंच?"

"होतं. जेवढं पुष्कळांच्या घराण्यात असतं तेवढं."

मास्तर उठून बाहेर आले. एखाद्याने भर बाजारात अंगावरचा कोट काढून घ्यावा तसं त्यांना झालं. उभा जन्म ज्या पाहुण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलो, ज्याच्यासाठी लहानपणाचे दिवस खिशात शिवून घेतले, अळणी गिळलं, तो पाहुणा दारातून आला आणि आपल्याला ओळख न देता शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. घरी जाताना ते रस्त्यातल्या प्रत्येकाचं तोंड बघत होते. दूधवाला. पानं झाडणारी बाई. शाळेचा शिपाई. यांच्यातला कोण आपल्यापेक्षा वर आहे? ज्याला त्याला थोडं थोडं वाटून टाकलंय, मग आपल्या वाट्याला खास असं काय राहिलं?

या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता. तो त्यांनी वर येऊ दिला नाही. रक्ताचा दोष नसेल, तर दोष कोणाचा?

बाईला घरी आणलं. खिडकीजवळ खाट टाकली. मास्तर तिला चमच्याने दूध पाजायचे, डाव्या हाताने डोकं उचलून, उजव्याने चमचा धरून. दोन्ही हात सारखे चालायचे. भेटायला लोक येऊ लागले, आणि प्रत्येकजण दारातच तोच प्रश्न विचारायचा.

"मास्तर, वारं तुमच्या घराण्यातलं ना? मग यांना कसं हो?"

पहिल्या वेळी मास्तरांनी नुसतं स्टूल पुढे केलं. दुसऱ्या वेळी, शेजारीण विचारत होती, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हिच्या माहेरीही होतं. आम्हाला उशिरा कळलं. हिचे वडील त्यातच गेले."

"अगबाई!" शेजारीण म्हणाली. "मग बिचारी सुटणार कुठून?"

मास्तरांना वाटलं, छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला.

मुलगी आत भांडी घासत होती. शेजारीण गेल्यावर ती ओल्या हातांनी बाहेर आली.

"बाबा, आईकडचे आजोबा झाडावरून पडून गेले."

"हो. पण पडले का?"

"फांदी मोडली म्हणून."

"जन्मभर झाडावर चढणारा माणूस. फांदी ओळखता येत नव्हती त्याला? हात ढिला पडला असणार. तेव्हा वारं गेलं, ते कोणाला कळलं नाही."

"फांदी मोडली होती, बाबा. आजोबांच्या हातातच होती ती. आईने किती वेळा सांगितलंय."

"तू तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हतीस."

"तुम्हीही नव्हता तिथे." मुलीचा आवाज चढला. "आई त्या सकाळी तुमच्यासमोर उभी होती. आजोबांना कशाला मधे आणता?"

मास्तर म्हणाले, "बापाशी असं बोलतात?" आणि टेप गळ्यात टाकून दुकानात गेले. मुलगी त्यानंतर रोज यायची, आईचं सगळं करायची, पण बापाशी कामापुरतंच बोलायची.

मास्तर सांगत राहिले. सांगता सांगता गोष्टीला अस्तर लागलं, खिसे लागले. झाडावर चढण्याआधी सासऱ्यांचं डोकं दुखत होतं. पायाला मुंग्या येत होत्या. काही दिवसांनी मास्तरांनाच ते आठवल्यासारखं वाटू लागलं.

पुढे एका दुपारी इस्त्रीवाल्याची बायको आली. खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि बाईच्या केसांवरून हात फिरवला.

"वहिनी तर आम्हाला हसवून हसवून मारायच्या," ती म्हणाली. "मास्तर, यांच्यातही होतं म्हणे?"

"होतं ना. वडिलांना होतं." मास्तरांनी दुधाचा चमचा वाटीत ठेवला. "मरताना कोणाला कळलं नाही. झाडावरून पडले असंच सगळे म्हणत राहिले."

खाटेवरून बाईचा डावा हात आला आणि त्याने मास्तरांचं मनगट धरलं. घट्ट धरलं. नखं रुतली. तिचे डोळे त्यांच्या डोळ्यांत होते, आणि ओठ हलत होते, पण घशातून नुसती हवा येत होती.

इस्त्रीवाल्याच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. "किती जीव आहे बघा तुमच्यावर."

मास्तर तिच्या डोळ्यांत बघत होते. तिथे काय लिहिलं होतं, ते कळायला डॉक्टर लागत नव्हता. फार तर एक क्षण गेला असेल. त्या क्षणात ते गप्प बसू शकले असते.

"आणि एकटे वडीलच नाहीत," ते पाहुणीकडे वळून म्हणाले. "हिचे एक मामा होते. ते पाय ओढत चालायचे."

मनगटावरची बोटं सैल झाली. बाईने हात पांघरुणात घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दमली," मास्तर म्हणाले, आणि मामांची गोष्ट पुढे सांगू लागले.